नाव नसलेली हाक

१

शिंपीण मेली ती भर दिवसा, स्वतःच्या दारात.

शिंपीण हे तिचं खरं नाव नव्हतं, पण त्या घरात खरं नाव कुणाचंच नव्हतं. नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून आलेल्या बायका तिथे राहायच्या, आणि संस्थेत पाऊल ठेवलं की प्रत्येकीला नवं नाव मिळायचं. ही सारखी मशीनवर बसलेली असायची, म्हणून शिंपीण.

घंटा वाजली की आधी वरच्या खिडकीतून बघायचं, मगच दार उघडायचं, असा त्या घराचा नियम होता. पण लेकीची शाळेतून यायची वेळ झाली होती, आणि आईचे पाय नियमाला थांबले नाहीत. दारात नवरा उभा होता. त्याच्या एका हातात केकचा डबा होता. दुसऱ्या हातात काय होतं ते तिला उशिरा दिसलं.

तो पळाला नाही. पायरीवर बसून राहिला. लोक जमले, पोलीस आले. त्याने एवढंच सांगितलं, "माझी बायको आहे. मला सापडणारच."

कोपऱ्यावरून दप्तर पाठीला लावून येणाऱ्या पोरीला शेजारच्या बाईने पदराआड घेतलं आणि दुसऱ्याच घरात नेलं.

खून कुणी केला ते अख्ख्या गल्लीने पाहिलं होतं. पण त्याला हे दार दाखवलं कुणी? शाळेतसुद्धा पत्ता संस्थेच्या कार्यालयाचा दिलेला होता. घरात राहणाऱ्या बायका सोडल्या, तर तो खरा पत्ता तिघांनाच ठाऊक होता: संस्था काढणाऱ्या ताई, संगणक सांभाळणारे मास्तर आणि मदत मागणाऱ्या बायकांच्या हाका वाचणारी अक्का.

दुसऱ्या दिवशी ताईंनी एका माणसाला फोन लावला. "तिघांपैकी कुणीतरी तिचा घात केला," त्या म्हणाल्या. "त्या तिघांत मीही आले. माझ्यापासूनच सुरुवात करा."

२

त्या माणसाला ओळखीचे लोक शंकोबा म्हणायचे. संगणकातली चोरी, घुसखोरी, उलटापालट हुडकून काढणं हा त्याचा धंदा. संशय हा त्याचा स्वभावच. वजनाच्या काट्यावर उभा राहिला तर आधी काटा तपासायचा. बायको हयात असताना म्हणायची, "आमच्या लग्नाची तारीखसुद्धा यांनी दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली होती." गुडघा दुखरा, आवाज मऊ, आणि काखेत चहाचा थर्मास.

संस्थेचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. तीन टेबलं, पाण्याविना सुकलेल्या कुंड्या, आणि कपाटात घरघरणारा सर्व्हर. मास्तरांची खुर्ची रिकामी होती. त्यांना सकाळीच फौजदार घेऊन गेले होते.

फौजदार चौकीत भेटले तेव्हा खुशीत होते. "उगाच आलात. प्रकरण सरळ आहे. गेल्या आठवड्यात त्या बाईची नोंद डेटाबेसमधून बाहेर गेली. सर्व्हरने टिपून ठेवलंय. लॉगिन कुणाचं? मास्तराचं. पासवर्ड कुणाकडे? मास्तराकडे. संपलं."

"नवरा काय म्हणतो?"

"तो कसला बोलतोय! दगड आहे नुसता. पोरीचं वय विचारलं तर सात म्हणाला. पोरगी नऊची आहे. जन्मतारीख विचारली तर छताकडे बघत बसला. असले हे बाप."

शंकोबाने सर्व्हरची नोंद मागून घेतली आणि उभ्याउभ्याच वाचली. मग परत एकदा वाचली.

"साहेब, लॉगिन मास्तरांचं आहे हे खरं. पण मास्तरांच्या संगणकावरून नाही झालेलं हे."

"मग?"

"अक्कांच्या."

३

मास्तर कोठडीत भिंतीला टेकून बसले होते. पूर्वी शाळेत संगणक शिकवायचे, म्हणून मास्तर. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी तुटलेली.

"अक्कांच्या संगणकावर तुमचं लॉगिन कसं?" शंकोबाने विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "आमच्या संकेतस्थळावर बायका मदतीचा अर्ज भरतात. आम्ही त्याला हाक म्हणतो. हाका वाचायला मी एक साधं पान बनवलं होतं, ते बिघडलं. दुरुस्त करीन करीन म्हणत राहून गेलं. तोवर अक्कांची सोय म्हणून ज्या पानावरून मी अख्खा डेटाबेस चालवतो तेच त्यांना उघडून दिलं. ब्राउझरमध्येच उघडतं ते. हाकांचा तक्ता त्यात दिसतो."

"आणि घरांच्या पत्त्यांचा?"

"तोही."

"म्हणजे पत्रपेटी उघडायला तुम्ही त्यांना सगळ्या किल्ल्यांचा जुडगा दिलात."

"हो." मास्तरांनी मान खाली घातली. "पण अक्का असं करणार नाही हो. ती स्वतः त्याच घरात राहून गेलीय. तिच्या कानाला ऐकू येत नाही एका बाजूने, का ते विचारा तिला कधी."

"ते सॉफ्टवेअर कुठल्या वर्षीचं?"

या प्रश्नावर मास्तर दचकले. "जुनं आहे. बनवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं की त्यात भोक आहे, अपडेट करून घ्या. मी ताईंना म्हटलं, एक दिवस सगळं बंद ठेवावं लागेल. ताई म्हणाल्या, त्या एका दिवसात हाक मारणारी बाई मेली तर?"

"मग?"

"मग मीही गप्प बसलो."

४

त्या गल्लीत शंकोबा पायीच हिंडला. नवरा ज्या बाजूने आला त्या बाजूने. दुखरा गुडघा सांभाळत तो प्रत्येक दाराशी थांबत गेला, आणि सतरा नंबरच्या घरापाशी त्याला हवं ते सापडलं. व्हरांड्यात एक आजोबा बसले होते. बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून खुश.

"आला होता ना! आधी माझ्याकडेच आला," आजोबा म्हणाले. "म्हणाला, सतरा नंबर हाच ना? माझी बायको-मुलगी इथे राहतात. मी म्हटलं, छे, इथे मी एकटाच. सोबतीला माझा खोकला. बायका-मुलं राहतात ते घर पुढे, एकाहत्तर. आकडे उलटे झाले असतील तुझे."

"तो काय म्हणाला?"

"आभार मानले. सभ्य वाटला. हातात केक होता." आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माझं काही चुकलं का हो?"

"नाही, आजोबा," शंकोबा म्हणाला. आयुष्यात त्याने इतक्या पटकन खोटं क्वचितच सांगितलं असेल.

कार्यालयात परतल्यावर त्याने ताईंना पत्त्यांचा तक्ता उघडायला लावला. शिंपिणीच्या नोंदीत घर क्रमांक होता सतरा. घाईत टंकताना आकडे उलटे पडले होते, आणि कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. कारण ताई, मास्तर, अक्का आणि त्या बायका या सगळ्यांना घर पायाखालचं ठाऊक होतं. ती नोंद वाचून कुणी तिथे जातच नव्हतं.

"म्हणजे हा पत्ता कुणाच्या तोंडून गेलेला नाही," शंकोबा म्हणाला. "तोंडून गेला असता तर एकाहत्तर गेला असता. चुकीसकट गेलाय. थेट इथून."

ताईंनी अक्काच्या टेबलाकडे पाहिलं. अक्का तिथे नव्हती. पर्स खुर्चीला लटकत होती, संगणक चालू होता.

५

अक्का गच्चीच्या जिन्यात सापडली. पायरीवर बसून गुडघ्यात डोकं घातलेलं. शंकोबा तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसला आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला.

"माझ्या संगणकावरून झालं ना?" ती म्हणाली. "साहेबांचा शिपाई सांगत होता."

"त्या दुपारी तुम्ही काय करत होतात, आठवतंय?"

"मी रोज तेच करते. हाका वाचते. एकेक उघडते, वाचते, उत्तर देते. उत्तर गेलं की हाक पुसून टाकते. ताईंचा नियमच आहे. कुठे प्रत ठेवायची नाही. कुणाच्या हाती लागली तर त्या बाईचं काय होईल?"

"त्यात एखादी वेगळी होती का?"

अक्काने झाकण दोन्ही हातांत धरलं. चहा प्यायली नाही.

"एक होती. नावच नव्हतं तिचं. नावाची जागा कोरी. खाली एवढंच लिहिलं होतं, 'मी इथे आहे हे कुणाला कळू देऊ नका.' मला वाटलं, बिचारी नाव लिहायलाही घाबरते. मी तिला उत्तर लिहिलं. लिहिलं की, बाई गं, नाव नको सांगूस, नुसती जिवंत राहा, आम्ही येऊ." तिने झाकण पायरीवर ठेवलं. "तिचं उत्तर आलंच नाही. रोज वाट बघत होते मी. बरी असेल ना हो ती?"

शंकोबाला उत्तर माहीत होतं. तो दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खाली गेला.

६

संध्याकाळी त्याने ताईंसमोर कागद पसरले.

"ही सर्व्हरची नोंद बघा. या क्षणाला अक्कांनी ती बिननावी हाक उघडली. आणि त्याच क्षणाला शिंपिणीची नोंद बाहेर गेली. माणसाला पत्त्यांच्या तक्त्यापर्यंत जायला तीन-चार पानं ओलांडावी लागतात. ती पानं उघडल्याची खूणच नाही. हे कुणा माणसाच्या बोटांनी झालेलं नाही."

"मग कुणी केलं?"

"त्या हाकेने. नावाची जागा कोरी नव्हती, ताई. तिथे नावाऐवजी संगणकाला दिलेला हुकूम होता. शहाणं सॉफ्टवेअर असतं तर त्याने तो मजकूर म्हणून नुसता दाखवला असता. तुमच्यातल्याला भोक होतं. त्याने तो पाळला, म्हणून जागा कोरी दिसली. आणि अक्कांच्या संगणकावर मास्तरांचं लॉगिन उघडं, म्हणून तो हुकूम मास्तरांच्या अधिकाराने पाळला गेला. अक्कांनी दार उघडलं ते कुणाला तरी वाचवायला."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. "पण हाका अक्का त्या पानावर वाचते हे बाहेरच्याला कसं कळलं? आमच्यापैकीच कुणी..."

शंकोबाने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. संस्थेच्याच संकेतस्थळाचं पहिलं पान होतं. वर अक्काचा हसरा फोटो, टेबलाशी बसलेली, खाली ओळ: 'तुमची प्रत्येक हाक इथे वाचली जाते.' अक्काच्या खांद्यामागे तिचा संगणक दिसत होता. चित्र मोठं केलं की पडद्यावरचं पान ओळखू येत होतं, आणि कोपऱ्यात सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांकही.

"हा फोटो मी काढला," ताई म्हणाल्या. "बायकांना धीर यावा म्हणून."

 बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर खाली ओढलं.

"मग जगातला कुणीही असू शकतो," ताई अखेर म्हणाल्या.

"तसंच वाटलं असतं. पण हुकूम काय होता ते सर्व्हरने टिपलंय. पाठवणाऱ्याने सगळे पत्ते मागितले नाहीत. तुम्ही नावं बदलता, हे संकेतस्थळावर वाचून त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने नावाने शोधलंच नाही. त्याने विचारलं, अमुक तारखेला जन्मलेली मुलगी जिच्याबरोबर आहे, ती बाई कुठे राहते?" शंकोबाने बोट ठेवलं. "मुलांच्या जन्मतारखा तुम्ही बदलत नाही."

"शाळेत लागतात," ताई पुटपुटल्या. "मग तिचा बापच."

"बापाला पोरीचं वयसुद्धा सांगता आलं नाही. हे विचारणारा असा आहे ज्याला ती तारीख पाठ आहे. आणि असलं भोक कसं वापरायचं तेही त्याला येतं. शिंपिणीच्या सासरी असं कोण होतं?"

ताईंचा चेहरा उतरला. शिंपीण पहिल्या दिवशी त्यांच्यापाशी बसून रडली होती तेव्हा एकाच माणसाविषयी चांगलं बोलली होती.

"धाकटा दीर," त्या म्हणाल्या. "म्हणाली होती, त्या घरात माणूस म्हणावा असा तोच एक."

७

दीर दुकानदारांसाठी, दवाखान्यांसाठी संकेतस्थळं बनवायचा. बाजाराच्या मागच्या रस्त्याला त्याची एक खोली होती. दोन पडदे, गुंतलेल्या वायरी, आणि भिंतीवर लहान मुलाने काढलेली चित्रं. एका चित्रात लांब हातांचा एक माणूस होता. खाली 'काका' असं लिहिलेलं.

शंकोबाने समोरची खुर्ची ओढली. "पुतणीची जन्मतारीख काय हो?"

त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितली. "पहाटेची. दादा बाहेरगावी होता. दवाखान्यात मीच होतो. पहिल्यांदा माझ्याच हातात दिली तिला..." बोलता बोलता तो थांबला. समोरच्या माणसाने नमस्कार करायच्या आधी हेच का विचारलं, ते त्याच्या ध्यानात आलं.

"दादांना पाठ नाही ती," शंकोबा म्हणाला.

दीर उठला, दार लावून घेतलं, आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. क्षणभर शंकोबाच्या मनात आलं, आपण इथे येतोय हे कुणाला सांगितलेलं नाही. पण तो दाराला घासत खाली बसला.

"दादा माझ्यासमोर रडत होता," तो म्हणाला. "रोज यायचा इथे. म्हणायचा, एकदा, फक्त एकदा माफी मागू दे. दारू सोडली होती त्याने. खरंच सोडली होती. मी म्हटलं, वहिनी परत येईल. चिमणी परत येईल. घर होईल पुन्हा."

"आणि तुमचा विश्वास बसला."

"भाऊ आहे हो माझा!"

"ती वहिनी होती तुमची. का पळाली, ते पाहिलं होतं तुम्ही."

"पाहिलं होतं." त्याने डोळे मिटले. "केक मीच आणून दिला त्याला. म्हटलं, पोरीला आवडतो तो घेऊन जा."

शंकोबाने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

"त्या बाईने उत्तर लिहिलं होतं मला," दीर हळूच म्हणाला. "नुसती जिवंत राहा, म्हणून. मी ते अजून पुसलं नव्हतं. काल पुसलं. सगळंच पुसलं." मग त्याने वर पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती. उलट, सिद्ध करता येईल असं कुणीतरी म्हणावं, अशी आस होती. "तुम्हाला सिद्ध करता येणार नाही ना?"

८

शंकोबाने सगळं लिहून फौजदारांना दिलं. ते त्यांनी मन लावून वाचलं, हे मान्य करायला हवं.

"डोकं चालवलंय तुम्ही," ते म्हणाले. "पण ती हाक कुठाय?"

"अक्कांनी पुसली. नियमाप्रमाणे. सर्व्हरने हुकूम टिपलाय, पाठवणारा नाही."

"दिराच्या संगणकात काही?"

"आता काही नाही."

"तो इथे येऊन कबूल करील?"

शंकोबा त्याच्याकडे पुन्हा गेला होता. दिराने दार उघडलं होतं, आत घेतलं होतं, पाणी दिलं होतं. कबुलीचा विषय काढल्यावर एवढंच म्हणाला होता, "मी आत गेलो तर चिमणीला कोण?"

"नाही," शंकोबा म्हणाला.

"मग माझ्यापाशी काय राहिलं? मास्तराचं लॉगिन." फौजदारांनी कागद फाइलीत ठेवले. "राग मानू नका. तुमचं खरंही असेल. पण मला खरं नाही, टिकणारं लागतं."

मास्तरांवर खटला उभा राहिला. पुढे पुरावा अपुरा म्हणून ते सुटले, पण ज्याच्या हातून एका बाईचा पत्ता गेला त्याला संगणकाला हात कोण लावू देणार? ते गाव सोडून गेले. कुठे गेले ते त्यांच्या बहिणीलाही सांगितलं नाही. ताईंनी घरं रिकामी केली. दुसरं कुणी त्याच वाटेने आत आलं नसेल याची खात्री शंकोबाला देता येईना, आणि त्याने खोटी दिलीही नाही. बायका मिळेल तिकडे पांगल्या. दोघी नवऱ्याकडे परत गेल्या.

अक्काला सगळं सांगणं भाग होतं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे ती बाई नव्हतीच?" त्यानंतर तिने एकही हाक उघडली नाही. संकेतस्थळ अजून चालू होतं, कारण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. हाका येत होत्या, साचत होत्या. अक्का पडद्यासमोर बसायची, त्यांच्याकडे बघायची आणि उठून जायची. एखादी बिननावी दिसली की पडदाच बंद करायची.

राहता राहिली पोरगी.

बालकल्याण कार्यालयात एका बाईंपुढे सुनावणी झाली. आई गेलेली, बाप तुरुंगात, आजोळी कुणी नाही. काकाने अर्ज केला होता. शंकोबाने आपलं म्हणणं मांडलं. बाई सहानुभूतीने ऐकत होत्या.

"पुरावा आहे तुमच्याकडे?"

"तर्क आहे."

"तर्कावर मी तिला अनाथाश्रमात पाठवू? आम्ही मुलीला विचारलं. ती इतके दिवस कुणाशी बोलत नव्हती. काकाचं नाव काढलं तेव्हा पहिल्यांदा बोलली." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हीच सांगा. तुम्ही काय केलं असतंत?"

शंकोबाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली होती. या प्रश्नाला त्याच्याकडे शंकासुद्धा उरली नव्हती. बाईंनी सही केली.

बाहेर आवारात दीर स्कूटरपाशी उभा होता. पार वाळला होता. पोरगी जिन्यावरून खाली आली, त्याला पाहिलं, आणि दप्तर तिथेच टाकून धावत सुटली. त्याने तिला उचललं. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि इतक्या दिवसांचं रडू तिथे मोकळं केलं. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. 

शंकोबा दप्तर घेऊन त्यांच्याजवळ गेला.

"तिला सांगणार का तुम्ही?" दिराने विचारलं, पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"तुम्ही सांगायचं."

"मोठी झाली की सांगेन."

ते खरं की खोटं, शंकोबाने तपासलं नाही. त्याने दप्तर स्कूटरच्या हुकाला अडकवलं. पोरगी मागे बसली, दोन्ही हातांनी काकाच्या कमरेला घट्ट विळखा घातला आणि गाल त्याच्या पाठीवर टेकला. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिने मान वळवून या अनोळखी, लंगडणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि हात हलवला.

शंकोबानेही हात वर केला.

रस्ता रिकामा झाल्यावरही तो हात खाली घ्यायचं त्याला बराच वेळ सुचलं नाही.